प्राण कुठे द्यायचे, कुठे नाही: धर्मांचे स्वतःचे नियम काय सांगतात?

पडवी

'धर्मासाठी जीव द्यावा का' हा वाद कुठेही निघाला की दोनच वाटांनी जातो. एक बाजू हुतात्म्यांची नावं घेते आणि चर्चा तिथेच संपते. दुसरी बाजू 'शिर सलामत तो पगडी पचास' म्हणून उठून जाते. मला दोन्ही नको आहेत. मला कलमं हवी आहेत.

रोमन सम्राट डेसियसच्या काळात (इ.स. २५०) ख्रिस्ती लोकांपुढे हा प्रश्न सरकारी हुकुमाच्या रूपात आला, एवढं वाचलं आहे. त्यांच्याकडून नेमकं काय करून घेत असत? ज्यांनी ते केलं, ज्यांनी पैसे चारून टाळलं, जे पळून गेले, त्यांना चर्चने नंतर कसं वागवलं? आणि असा हिशेब आपल्याकडे किंवा इतर धर्मांत कुणी मांडून ठेवला आहे का? 'श्रद्धा आंधळी असते' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते सगळे वाचून झाले आहेत.

---

जुनाकागद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अगदी नेमकं देता येतं, कारण ते अर्ज आजही हातात आहेत. इजिप्तच्या वाळूत चाळीसहून अधिक पपायरस दाखले सापडले. बरेचसे फयूम भागातल्या थिआडेल्फिया गावचे, आणि सगळे २५०च्या जून-जुलैतले. त्यांना 'लिबेलस' म्हणतात.

साचा ठरलेला. वर 'अमुक गावच्या यज्ञ-समितीस'. मग अर्जदाराचं नाव, बापाचं नाव, गाव, बऱ्याचदा वय आणि ओळखीची खूण (उजव्या भुवईवर व्रण वगैरे). मग मजकूर: मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, आणि आताही हुकुमाप्रमाणे तुमच्या समक्ष मद्याचा अर्घ्य दिला, बळी दिला, प्रसादाचं मांस चाखलं. तरी दाखला मिळावा. खाली 'तुला बळी देताना पाहिलं' अशी अधिकाऱ्यांची नोंद, शेवटी तारीख.

इथे दोन गोष्टी नीट पाहा. हुकूम फक्त ख्रिस्ती लोकांसाठी नव्हता. पेतेसूखोस या मगरदेवाच्या एका पुजारणीलाही हा दाखला काढावा लागला, तो कागद आपल्याकडे आहे. २१२ साली सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व दिलं, म्हणून तर अर्जावरची बहुतेक नावं 'ऑरेलियस'ने सुरू होतात. सगळे नागरिक, तर सगळ्यांची हजेरी. शिवाय 'तुमचा देव सोडा' असं त्या कागदावर कुठेही लिहिलेलं नाही. रोमन अधिकाऱ्याच्या लेखी ही चिमूटभर धूप आणि घोटभर मद्याची बाब होती. एवढ्यासाठी माणूस मरायला का तयार होतो, हे त्याला खरोखर कळत नसे.

माझ्या मते अडचण बळीइतकीच 'नेहमीच' या शब्दात आहे. अंगठा उठवला की आजचा दिवस तर जातोच, मागचं सगळं आयुष्यही खोटं ठरतं.

सरकारला मुडदे नको होते, सह्या हव्या होत्या. म्हणून तुरुंग, उपासमार, छळ, मालमत्ता जप्ती, हद्दपारी हे आधी आणि देहदंड त्यामानाने कमी. ओरिजेन हा त्या काळचा सर्वांत मोठा ख्रिस्ती विद्वान. त्याचा अतोनात छळ झाला, पण तो जिवंत बाहेर पडला आणि काही वर्षांनी वारला. रोमचा बिशप फेबियन मात्र २० जानेवारी २५०लाच गेला.

---

माजघर

आपल्याकडचं विचारलंत म्हणून. या वादात पहिला फेकला जाणारा चरण 'स्वधर्मे निधनं श्रेयः परधर्मो भयावहः' (गीता ३.३५). तो इथे लागू होत नाही. तिथला 'स्वधर्म' म्हणजे हिंदू, ख्रिस्ती अशा अर्थाचा धर्म नव्हे. अर्जुनाचं क्षत्रिय म्हणून असलेलं कर्तव्य. आधीचा चरण वाचला की कळतं: दुसऱ्याचं काम छान जमत असलं तरी आपलं, उणं का असेना, तेच बरं. धर्मांतराच्या वादात हा श्लोक वापरणं ही बरीच अलीकडची सोय आहे.

तुम्हाला हवं तसं कलम छांदोग्य उपनिषदात आहे (१.१०). गारपिटीने कुरू देशातली पिकं गेलेली. उषस्ति चाक्रायण भुकेने व्याकूळ होऊन हत्तीवाल्याच्या गावात येतो. हत्तीवाला कुल्माष (हलकं कडधान्य) खात बसलेला, त्याच्याकडे तेवढेच. उषस्ति ते उष्टे मागून घेतो. वर हत्तीवाला पाणी देऊ लागतो तेव्हा मात्र नाही म्हणतो: पाणी उष्टं होईल. हत्तीवाला विचारतो, मग हे कुल्माष उष्टे नव्हते? उत्तर असं की ते खाल्ले नसते तर मी जगलोच नसतो. पाणी मला हवं तिथे मिळेल.

म्हणजे सूट आहे, पण जीव वाचण्यापुरती. घास मिळाला म्हणून घोट आपोआप माफ होत नाही. मनुस्मृती (१०.१०४) हेच नियम म्हणून सांगते: जीव जायची वेळ आली असता कुणाचंही अन्न खाणाऱ्याला पाप चिकटत नाही, आकाशाला चिखल चिकटत नाही तसं. पुढे दाखले म्हणून कुत्र्याचं मांस खायला निघालेले वामदेव आणि विश्वामित्र येतात. आपद्धर्म हे शास्त्राचं एक अख्खं प्रकरण आहे, पळवाट नव्हे.

---

पडवी

दोघांचेही आभार. 'पाणी मला हवं तिथे मिळेल' हे जबरदस्त आहे.

जुनाकागद, दाखला विकत घेणाऱ्यांचं काय झालं? त्यांनी प्रत्यक्षात बळी दिलाच नव्हता. मग त्यांचा गुन्हा कोणता?

---

जुनाकागद

हाच मुद्दा चर्चला सर्वांत जड गेला. पतितांचे तीन गट पडले. बळी देऊन मांस खाल्लेले, फक्त धूप टाकलेले आणि लाच देऊन नुसता कागद मिळवलेले. तिसऱ्या गटाचं म्हणणं तुमच्यासारखंच होतं: आम्ही वेदीला हातही लावला नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन याचं म्हणणं असं, की कागदावर 'दिला' असं लिहिलंय आणि तुम्ही तो कागद पुढे केलात, म्हणजे ती तुमची कबुलीच. तरी शिक्षेत त्याने फरक केला. २५१च्या कार्थेजच्या धर्मसभेत ठरलं की कागदवाल्यांना एकेकाची चौकशी करून परत घ्यावं, आणि बळीवाल्यांनी प्रायश्चित्त घेत राहावं, मरणाच्या दारी त्यांना सामावून घ्यावं. पतित पाद्री परत आला तरी सामान्य सभासद म्हणून, पाद्री म्हणून नाही. पुढे दोनेक वर्षांत नव्या छळाची चाहूल लागली, तेव्हा प्रायश्चित्त घेणाऱ्या सगळ्यांनाच आत घेतलं. लढाईला पाठवायचं तर शिधा नको का द्यायला, असा त्यामागचा विचार.

मधल्या काळात घोळ झाला तो वेगळाच. छळ सोसूनही न डगमगलेल्यांना फार मान होता. ते तुरुंगातून पतितांना शिफारसपत्रं देऊ लागले: 'अमक्याला त्याच्या माणसांसह परत घ्यावे.' त्याची माणसं म्हणजे किती? सिप्रियन चिडून लिहितो, एका चिठ्ठीवर वीस-तीस आणि जास्तच माणसं घुसतात. सरकारी दाखल्यांचा बाजार होताच, त्याला समांतर असा पुण्याच्या दाखल्यांचा बाजार उभा राहिला!

स्वतः सिप्रियन २५०मध्ये पळून लपला होता. रोमच्या पाद्रींनी त्याला टोमणे मारले. आठ वर्षांनी, सम्राट व्हॅलेरियनच्या काळात, त्याला दुसऱ्या गावी नेऊन मारण्याचा बेत कळला तेव्हा तो पुन्हा लपला, तो एवढ्यासाठीच की बिशपाने आपल्याच शहरात, आपल्याच लोकांसमोर मरावं. मग कार्थेजला परत आला. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मारेकऱ्याला २५ सुवर्णनाणी द्या असं त्याने आपल्या माणसांना सांगितलं होतं. एकाच माणसाचे हे दोन निर्णय आहेत आणि त्याला दोन्ही बरोबर वाटत होते.

प्रायश्चित्ताचं सगळ्यांत बारीक दरपत्रक मात्र अलेक्झांड्रियाचा बिशप पीटर याचं. सम्राट डायोक्लेशियनने सुरू केलेल्या छळाच्या चौथ्या ईस्टरला, ३०६ साली, त्याने ते काढलं:

छळ सोसून शेवटी मोडलेल्यांना, आधीच तीन वर्षं पश्चात्तापात गेलेली धरून, आणखी ४० दिवस. अपस्माराचा झटका आल्याचं सोंग करून किंवा आपल्या जागी दुसऱ्याला उभं करून वेदी टाळणाऱ्यांना सहा महिने. आपला ख्रिस्ती गुलाम पुढे केला असेल तर गुलामाला एक वर्ष आणि मालकाला तीन. पैसे देऊन सुटला? दोष नाही, त्याने पैशापेक्षा धर्म मोठा मानला. पळून गेला? दोष नाही, मागे राहिलेले त्याच्यामुळे पकडले गेले तरीही नाही.

स्वतःहून जाऊन 'मला पकडा' म्हणणारे? त्यांना बाहेर काढत नाहीत, पण शाबासकीही नाही. आणि असा उत्साही जर पाद्री असेल आणि ऐन वेळी मोडला, तर त्याचं पद गेलं. का, याचा दाखला दुसऱ्या शतकातच होता: स्मर्नाचा बिशप पॉलिकार्प याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतात क्विंटस नावाचा एक फ्रिजियन इसम स्वतः पुढे झाला, इतरांनाही पुढे ढकललं, आणि श्वापदं पाहताच त्याने बळी दिला. वृत्तांत तिथेच सांगतो की स्वतःहून पुढे येणाऱ्यांची आम्ही वाखाणणी करत नाही. ८६ वर्षं ख्रिस्ताची सेवा केली म्हणणारा म्हातारा पॉलिकार्प आधी गावाबाहेरच्या शेतघरात जाऊन लपला होता, हे लोक विसरतात.

---

रेवदंडा

ज्यू धर्मशास्त्रात हाच हिशेब आणखी कडक मांडणीने आहे. सुरुवात उलट्या टोकाकडून होते: जीव वाचवण्यासाठी जवळजवळ प्रत्येक आज्ञा मोडायची, शब्बाथसुद्धा. 'चालेल' असं नाही, मोडायचीच. अपवाद तीन: मूर्तिपूजा, निषिद्ध लैंगिक संबंध आणि मनुष्यहत्या. तिथे मरायचं, पण करायचं नाही. लोद गावातल्या एका माडीवर ऋषींनी मत घेऊन हे ठरवलं, असं तालमुद (ज्यू धर्मशास्त्राच्या चर्चांचा ग्रंथ) सांगते (सन्हेद्रिन ७४अ).

मग बारकावे. धमकावणारा स्वतःच्या सोयीसाठी सांगतोय की धर्म मोडावा म्हणून? एकांतात की दहा ज्यूंसमोर? धर्मच पुसून टाकायचं फर्मान निघालं असेल, तर तीनांपलीकडची साधी चालरीतही सोडायची नाही. तालमुदाचं उदाहरण चपलेच्या बंदाचं आहे. एरवी बंद कसाही बांधा.

पडवी, तुमच्या मूळ प्रश्नाला थेट भिडणारं कलम ज्यू पंडित मायमोनिडीसचं आहे (१२वं शतक). जिथे आज्ञा मोडून जगायचं तिथे जो न मोडता मरतो, तो स्वतःच्या जिवाचा अपराधी. आणि जिथे मरायचं तिथे जो घाबरून मोडतो, त्याने चूक केली खरी, पण जबरदस्ती होती म्हणून न्यायालय त्याला शिक्षा करत नाही. उत्तर आफ्रिकेत अल्मोहाद या मुसलमान राजवटीने ज्यूंना कलमा म्हणायला लावलं, तेव्हा त्याने पत्र लिहून सल्ला दिला तोही याच चालीचा: शब्दच म्हणायला लावतायत, तर म्हणा, जगा, आणि जमेल तितक्या लवकर तो मुलुख सोडा. न सोडता तिथेच सुखाने राहणाऱ्यांवर त्याचा राग जास्त.

सगळ्यांनी हे मानलं असं नाही. १०९६च्या पहिल्या क्रूसेडमध्ये ऱ्हाइनकाठच्या माइन्झमध्ये आईबापांनी मुलांना बाप्तिस्मा मिळू नये म्हणून आपल्या हाताने मारलं. तिकडच्या पंडितांना नंतर नियमाची ओढाताण करून त्या मृतांना जागा करून द्यावी लागली. माझं मत विचाराल तर नियमाचं खरं काम अशा दिवसासाठीच असतं आणि त्याच दिवशी तो हाताशी नसतो.

इस्लाममध्येही सवलत कुराणातच आहे (१६.१०६): मन श्रद्धेवर स्थिर असताना जबरदस्तीने बोललेल्या नकाराचा दोष नाही. परंपरेनुसार ही आयत पैगंबरांचा सोबती अम्मार इब्न यासिर याच्या संदर्भातली. त्याची आई सुमय्या मात्र नकार न देता मारली गेली. तिला इस्लामची पहिली शहीद मानतात. मुलाला सूट आणि आईला मान, एकाच घरात.

---

फातर्पेकर

गोव्याचं कुणीच काढलं नाही, म्हणून लिहितो.

१५ जुलै १५८३, कुंकळ्ळी. साष्टीतली देवळं त्याआधी १५६७मध्ये मोठ्या प्रमाणावर पाडली गेली होती. चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांवर गावकऱ्यांनी हल्ला केला. रोदोल्फो आक्वाविवा (हा आधी अकबराच्या दरबारी राहून आलेला), आल्फोन्सो पाशेको, पिएत्रो बेर्नो आणि आणखी दोघे मारले गेले. त्यांच्यासोबतचे एक पोर्तुगीज गृहस्थ आणि काही स्थानिक ख्रिस्तीही गेले. मग पोर्तुगीजांनी गावच्या मुखत्यारांना बोलणी करायला असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि चौकशीशिवाय मारून टाकलं. आकडा १६ सांगतात. त्यांतला एक नदीत उडी टाकून निसटला.

आता कलमं लावून पाहा. स्पेनमधल्या एल्विराच्या धर्मसभेचं (चौथ्या शतकाचा आरंभ) ६०वं कलम स्पष्ट आहे: मूर्ती फोडताना कुणी तिथेच मारला गेला तर त्याला हुतात्म्यांत धरायचं नाही, कारण शुभवर्तमानात असं करायला कुठे सांगितलेलं नाही. बेर्नो आणि पाशेको आधीच्या देवळं पाडायच्या मोहिमांत होते. म्हणून रोममध्ये आडकाठी आली: गावकऱ्यांनी मारलं ते ख्रिस्ती श्रद्धेच्या द्वेषातून, की मोडलेल्या देवळांच्या रागातून? १७४१मध्ये पोप चौदाव्या बेनेडिक्टने हौतात्म्य सिद्ध मानलं. 'धन्य' (संतपदाआधीची पायरी) घोषित व्हायला १८९३ उजाडलं, आणि तेही पाचच जेझुइट. सोबत मेलेले स्थानिक ख्रिस्ती यादीत नाहीत. किल्ल्यात मेलेल्यांची यादी तर कुठल्याच रोमला करायची नव्हती. त्यांचं स्मारक कुंकळ्ळीत उभं राहायला एकविसावं शतक लागलं.

पण गोव्याचं खरं उत्तर या दोन्हींत नाही. मंगेश १५६०मध्ये कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणजे मुसलमान राजाच्या आसऱ्याला. मेले नाहीत, बाटले नाहीत, देव उचलून नदीपार नेला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली, आणि दर शिमग्यात १२ वांगडांच्या (कुळांच्या) १२ छत्र्या तिला वाजतगाजत जुन्या गावी आणतात. त्या मिरवणुकीत गुलाल उधळणाऱ्यांत कॅथलिक कुंकळ्ळकारही असतात. मायमोनिडीसने सांगितलेलं 'मुलुख सोडा' ते हेच, फक्त इथे देवालाही सोबत घेतलं.

---

माजघर

फातर्पेकर, पूर्ण सहमत. एक शंका. हे सगळे नियम नंतर, शांत बसून लिहिलेले. दारात शिपाई उभे असताना कुणी कलम आठवून वागलं, असा एखादा कागद आहे का? नाहीतर ही नुसती पंडितांची कसरत.

---

जुनाकागद

आहे. १९ मे ३०३, सिर्टा (आजच्या अल्जेरियातलं कॉन्स्टँटीन). डायोक्लेशियनचा हुकूम: पवित्र ग्रंथ सरकारजमा करा. नगरप्रमुख फेलिक्स माणसं घेऊन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनाघरी जातो. पंचनामा शब्दशः शिल्लक आहे.

बिशप पॉल बसून आहे. ग्रंथ कुठे? वाचकांकडे (प्रार्थनेत ग्रंथ वाचणाऱ्यांकडे), इथे जे आहे ते घ्या. मग यादी सुरू होते. २ सोन्याचे चषक, ६ चांदीचे, ६ चांदीचे घडे, ७ चांदीचे दिवे, ८२ बायकांचे अंगरखे, १६ पुरुषांचे, १३ जोड पुरुषांच्या वहाणा, ४७ जोड बायकांच्या. (गोरगरिबांना वाटायचा साठा असणार, दुसरं काय.) सिल्व्हानस नावाचा उपसेवक (चर्चमधला खालच्या पायरीचा सेवेकरी) रांजणामागून चांदीची पेटी आणि दिवा काढून देतो. सरकारी माणूस म्हणतो, हे सापडलं नसतं तर मेला होतास.

मग एक मोठा ग्रंथ मिळतो. फेलिक्स विचारतो, एकच का? कातुलिनस आणि मार्कुक्लियस हे दोन उपसेवक म्हणतात, आम्ही उपसेवक, ग्रंथ वाचकांकडे असतात. वाचक दाखवा. कुठे राहतात ठाऊक नाही. ठाऊक नाही तर नावं सांगा. इथे ते दोघे थांबतात: आम्ही फितूर नाही, हे आम्ही उभे आहोत, मारायचा हुकूम द्या. फेलिक्स त्यांना अटक करतो आणि इतरांच्या मदतीने घरोघर जातोच. मोज़ेककाम करणारा एक जण ५ ग्रंथ देतो, व्हिक्टोरिनस ८, कोद्देओ नावाच्या माणसाची बायको ६.

माजघर, चषक दिले, वहाणा दिल्या, ग्रंथही दिला. माणसांची नावं दिली नाहीत. कुठल्या धर्मसभेने त्यांना असं शिकवलं नव्हतं. ३१४मध्ये आर्लच्या सभेने कलम केलं तेव्हा ग्रंथ देणं, भांडी देणं आणि बांधवांची नावं देणं या तिन्हींना एकच शिक्षा ठेवली: पाद्री असेल तर पदच्युत, पण पुरावा सरकारी दप्तरातला हवा, ऐकीव नको.

आणि हा पंचनामा टिकला तो त्या पुराव्यापायीच. ग्रंथ देणाऱ्यांच्या हातचा संस्कार अशुद्ध म्हणून आफ्रिकेतलं चर्च फुटलं, शुद्धतावाल्यांना डोनेटस-पंथी म्हणू लागले. त्यांचा सिर्टाचा बिशप कोण, तर रांजणामागून दिवा काढून देणारा सिल्व्हानस. ३२०मध्ये झेनोफिलस या प्रांताधिकाऱ्यासमोर त्याच्याविरुद्ध हे कागद वाचून दाखवले, म्हणून नक्कल राहिली. कातुलिनस आणि मार्कुक्लियस यांचं अटकेनंतर काय झालं, ते त्यात नाही.